जलस्थ स्फटिकांचें दर्शन

परसांतील गवती चहा आपल्या घरोघरीं सर्दीपडशाच्या काढ्यापुरता आठवतो. ह्याच तृणाच्या अर्कानें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत डॉ. मुरली शास्त्री व त्यांचे सहकारी ह्यांनीं सुवर्णक्षाराच्या द्रावणांतून सोन्याचे अतिसूक्ष्म त्रिकोणी स्फटिक घडविले. तें वृत्त २००४ सालीं प्रसिद्ध झालें. भट्टी नाहीं, मूस नाहीं. खोलींतल्या साध्या उष्णमानांत हें कार्य झालें. प्रथम वाटोळे कण बनतात, ते जणू द्रवरूप असल्याप्रमाणें एकमेकांस बिलगतात आणि त्यांतून त्रिकोण सिद्ध होतो, असें अनुमान त्यांनीं मांडलें.

'अनुमान' हा शब्द मीं हेतुतः योजिला आहे. नैयायिकांनीं प्रत्यक्ष व अनुमान हीं प्रमाणें भिन्न मानिलीं आहेत. असले कण दाखविणारा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक निर्वात पोकळींत चालतो. तेथें उघडें पाणी क्षणांत उडून जातें. म्हणून थेंब जाळीवर वाळवून पाहण्याची रीत पडली. आमच्या पूर्णा नदीचा मासा टोपलींत पाहून त्याचे खवले मोजतां येतील, त्याचें पोहणें कळणार नाहीं. तशीच ही गोष्ट.

ह्या अडचणीवर २०१२ सालीं अमेरिकेंतील बर्कले येथें एक सुंदर युक्ति निघाली. शिसपेन्सिलींतील ग्राफाइटचा एकाच परमाणूच्या जाडीचा पदर म्हणजे ग्राफीन. अशा पदरांमध्यें द्रावण कोंडल्यावर तें टिकलें, आणि प्लॅटिनमचे स्फटिक वाढतांना, एकमेकांत मिळतांना प्रत्यक्ष दिसले. द्रवांत कण सारखे गिरक्या घेतात. हा दोषच पुढें गुण ठरला. गिरक्यांमुळें कणाच्या सर्व बाजूंचीं चित्रें आपोआप मिळतात. तीं गणितानें जुळवून कोरिया, ऑस्ट्रेलिया व अमेरिका ह्या देशांतील शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं कणांतील परमाणूंचीं स्थानें निश्चित केलीं. हे कण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या अवघे दोनतीन पट! एकाच घाण्यांतले असूनही ते आंतून एकसारखे नव्हते.

ह्याचा व्यवहारांत उपयोग काय? हायड्रोजनपासून वीज देणाऱ्या घटांत प्लॅटिनमचेच कण क्रिया घडवितात. त्यांच्या पृष्ठभागावरील परमाणूंची मांडणी बदलली कीं गुणही बदलतो. आणि हा धातु फार महाग आहे.

मात्र एक सावधगिरी हवी. पाहण्यासाठीं सोडलेले इलेक्ट्रॉनच पाण्याचे रेणु फोडतात व कधीं स्फटिकांस वाढवितात, कधीं झिजवितात. तेव्हां जें दिसलें त्यांत निसर्गाचें वर्तन किती आणि पाहणाऱ्याचा उपद्रव किती, हा विवेक शास्त्रज्ञांस पदोपदीं करावा लागतो. अनुमान प्रत्यक्षानें तपासावें हें खरें. परंतु प्रत्यक्षही तपासूनच घ्यावें लागतें.