पेटीचा सूर का हलतो?

वैशाखात अमळनेरला बोरी नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची यात्रा भरते. खानदेशातल्या कडक उन्हाचे हेच दिवस. भजनी मंडळांच्या पेट्यांची कसोटीही तेव्हाच लागते.

पेटीच्या प्रत्येक पट्टीमागे पितळेची पातळ जीभ असते, एका टोकाला रिबेट मारून बसवलेली. भात्याची हवा फटीतून गेली की ती थरथरते. माउथ ऑर्गनचेही तेच. साध्या दहा भोकांच्या वाद्यात अशा वीस जिभा. जिभेची लांबी, जाडी आणि ताठरपणा यांवर सूर ठरतो. पितळ तापले की ताठरपणा जरासा कमी होतो आणि सूर किंचित उतरतो. टोकाला धूळ बसली तरी तो उतरतोच. मुळाशी चीर गेली, तर मात्र जीभ बदलण्यावाचून इलाज नाही.

कारागीर जिभेखाली पातळ पत्रा सरकवतो आणि हलक्या हाताने घासतो. टोकाकडे घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. घासताना पितळ गरम होते, म्हणून निवेपर्यंत थांबायचे. मग आधी लावलेल्या सुराशी ताडून पाहायचे. दोन सुरांत सेकंदाला दोन कंपनांचा फरक असला, तर तेवढ्या वेळात दोन लाटा ऐकू येतात. लाटा मंदावत थांबल्या की सूर जुळला. तीच जीभ पेटीत बसवल्यावर सूर पुन्हा थोडा हलतो, त्यामुळे शेवटचा हात पेटीतच फिरवावा लागतो.

एवढे करूनही गांधार खटकतो. षड्ज 240 कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून उमटणारा गांधार 300 चा. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडणाऱ्या पेटीचा 302.4 चा. पंचम मात्र जवळजवळ जुळतो: 360 आणि 359.6. आकाशवाणीने 1940 साली पेटीवर बंदी घातली, तेव्हा हा आक्षेपही पुढे होता. डॉ. विद्याधर ओक यांनी पुढे 22 श्रुतींची पेटी केली. पण एक बुवा काळी एकमध्ये आणि दुसरे काळी चारमध्ये गाणार असतील, तर भजनाला समान भागांचीच पेटी सोयीची, असे माझे ठाम मत आहे.

मंडळांना एवढीच विनंती: सूर बिघडला की आधी मऊ ब्रशने धूळ काढा. ब्लेडने जीभ खरवडू नका. घासून गेलेले पितळ परत येत नाही.