सागरी पवनचक्कीचा पाया : भार-विश्लेषण

समुद्रतळावर उभारलेल्या पवनचक्कीवर वारा, लाटा, प्रवाह, यंत्राचे फिरणे व स्वतःचे वजन यांमुळे येणारे भार ठरविणे, ते पायातून तळाच्या मातीत कसे उतरतात हे पाहणे आणि त्यांवरून पायाची मापे निश्चित करणे, या प्रक्रियेस पायाचे भार-विश्लेषण म्हणतात. इमारतीच्या पायात मुख्यतः उभा भार महत्त्वाचा असतो. येथे मात्र आडवा भार व त्यामुळे उत्पन्न होणारे नमन परिबल (वाकविण्याची प्रवृत्ती) निर्णायक ठरते. शिवाय हा भार सतत बदलत असतो. त्यामुळे पाया एका मोठ्या वादळात टिकेल एवढे पाहून भागत नाही. कोट्यवधी लहान हेलकाव्यांनंतरही तो शाबूत राहील, याची खात्री करावी लागते.

पायांचे प्रकार : जगातील पहिले सागरी पवनक्षेत्र डेन्मार्कमधील व्हिंडेबी येथे १९९१ मध्ये उभारण्यात आले. त्यातील ११ पवनचक्क्या काँक्रीटच्या वजनदार बैठकींवर उभ्या होत्या. २०१७ मध्ये त्या उतरविण्यात आल्या. पुढे उथळ व मध्यम खोलीच्या पाण्यात एकखांबी पाया रूढ झाला. हा म्हणजे तळात ठोकून बसविलेला पोलादाचा पोकळ, नळीसारखा खांब होय. अधिक खोल पाण्यात तीन किंवा चार पायांचा जाळीदार सांगाडा व त्याहूनही खोल पाण्यात नांगरलेला तरता आधार वापरतात.

वाऱ्याचा भार : अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली ५ मेवॉ. क्षमतेची नमुना पवनचक्की अभ्यासासाठी वापरली जाते. तिच्या चक्राचा व्यास १२६ मी. असून चक्राचा मध्य समुद्रसपाटीपासून ९० मी. उंच आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला सु. ११·४ मी. असताना चक्रावरील रेटा सर्वाधिक, म्हणजे सु. ८०० किलोन्यूटन (अंदाजे ८० टन वजनाइतका) असतो. पाण्याची खोली २० मी. धरल्यास समुद्रतळापाशी ८०० × ११० = ८८,००० किलोन्यूटन-मीटर इतके नमन परिबल येते. वारा याहून वाढल्यास पाती आपल्या अक्षाभोवती वळवून रेटा कमी केला जातो. म्हणजेच यंत्र चालू असताना वाऱ्याचा मोठा रेटा मध्यम वाऱ्यात येतो. वादळात यंत्र थांबविलेले असते व लाटांचा भार प्रमुख ठरतो.

लाटांचा भार : खांबावरील लाटेचे बल काढण्याचे सूत्र मॉरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये मांडले. त्यात दोन घटक आहेत : एक पाण्याच्या वेगाच्या वर्गावर व दुसरा पाण्याच्या प्रवेगावर अवलंबून असतो. जाड खांबात दुसरा घटक मोठा असून तो छेदाच्या क्षेत्रफळाबरोबर वाढतो. व्यास दुप्पट केल्यास तो सु. चौपट होतो. त्यामुळे खांब जाड करून ताठरपणा वाढविला, की लाटांचा भारही वाढतो.

कंप्रता : प्रत्येक रचनेची एक स्वाभाविक कंप्रता (सेकंदास होणाऱ्या आंदोलनांची संख्या) असते. बाह्य भार त्याच कंप्रतेने येत राहिल्यास आंदोलने वाढत जातात [⟶ अनुस्पंदन]. वरील नमुन्याचे चक्र मिनिटाला ६·९ ते १२·१ फेरे घेते. म्हणून चक्राच्या फेऱ्यांची कंप्रता ०·११५ ते ०·२०२ हर्ट्‌झ आणि मनोऱ्यासमोरून तीन पाती जाण्याची कंप्रता ०·३४५ ते ०·६०५ हर्ट्‌झ येते. लाटांची बहुतेक ऊर्जाही ०·२ हर्ट्‌झखालीच असते. त्यामुळे मनोरा व पाया यांची एकत्रित स्वाभाविक कंप्रता ०·२०२ व ०·३४५ यांमधील अरुंद पट्ट्यात, दोन्ही कडांपासून सु. १० टक्के अंतर राखून ठेवतात.

ही कंप्रता मातीच्या ताठरपणावरही अवलंबून असते. मातीच्या आडव्या प्रतिकाराच्या जुन्या पद्धती तेलविहिरींच्या मंचांच्या बारीक खांबांवरील चाचण्यांवरून आल्या होत्या. मोठ्या व्यासाच्या खांबांना त्या जशाच्या तशा लागू पडत नाहीत, हे इंग्लंडमधील काउडन व फ्रान्समधील डंकर्क येथील चाचण्यांतून दिसून आले. प्रवाहामुळे खांबाभोवतीची वाळू वाहून गेल्यास कंप्रता घटते. म्हणून तेथे दगडांचा थर टाकतात.

शिणवटा : पुनःपुन्हा येणाऱ्या भाराने धातूत सूक्ष्म तडे जाऊन ते वाढतात. सहा सेकंदांनी एक लाट धरल्यास २५ वर्षांत सु. १३ कोटी लाटा खांबावर येतात. वितळजोडातील हानी साधारणतः प्रतिबलाच्या पल्ल्याच्या घनाच्या प्रमाणात होते. पल्ला दुप्पट झाल्यास हानी आठपट होते. म्हणून वारा व लाटा यांच्या वेगवेगळ्या वेगांच्या व दिशांच्या जोड्या घेऊन दहा-दहा मिनिटांच्या असंख्य स्थितींची गणना संगणकावर करतात व प्रत्येकीतील हानी तिच्या अपेक्षित कालावधीनुसार एकत्र करतात. टोकाच्या स्थितीसाठी ५० वर्षांतून सरासरी एकदा येणारे वादळ धरतात.

मानकांची मर्यादा : खांब व त्यावरील जोडनळी यांमधील पोकळी पूर्वी उच्च बलाच्या सिमेंटी मिश्रणाने भरीत. २००९-१० च्या सुमारास यूरोपातील अनेक पवनक्षेत्रांत हे जोड घसरू लागल्याचे आढळले. स्कॉटलंड व इंग्लंड यांच्यामधील सॉल्वे खाडीतील रॉबिन रिग हे त्यांपैकी एक होय. तेथे वापरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातील सूत्रात एक मूल्य सु. दहापटीने चुकलेले होते व त्यामुळे जोडाची क्षमता पुष्कळ अधिक धरली गेली होती. दुरुस्तीचा खर्च २·६ कोटी यूरोंहून अधिक होता. २० वर्षांच्या आयुष्याची हमी करारात असल्याने, मानक पाळले असले तरी ठेकेदारच जबाबदार आहे, असा निर्णय ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. त्यानंतरच्या रचनांत शंकूच्या आकाराचे किंवा बोल्टने आवळलेले जोड वापरण्यात येऊ लागले.

भारत : केंद्र शासनाने २०२४ मध्ये गुजरात व तमिळनाडू यांच्या किनाऱ्यांलगत प्रत्येकी ५०० मेवॉ. क्षमतेच्या प्रकल्पांसाठी अर्थसाहाय्याची योजना मंजूर केली. भारतीय किनाऱ्यावर उष्ण कटिबंधीय चक्री वादळे, मोसमी वारे आणि तळाची माती यांची स्थिती उत्तर समुद्राहून वेगळी आहे. त्यामुळे तेथील मापे येथे उचलून चालत नाही. वारा, लाटा व माती यांची स्थानिक मोजणी हाच विश्लेषणाचा आधार ठरतो.