घाटाखालच्या गाथा

मुरबाडच्या पुढे वैशाखरे सोडले, की नाणेघाटाची चढण लागते. गेल्या हिवाळ्यात नातीबरोबर मी तो घाट दम खात चढलो. नात परदेशात वाढली. मराठी छान बोलते, वाचताना मात्र अडखळते. ‘गाथासप्तशती’तल्या दहा प्रेमगाथा माझ्या मदतीने इंग्रजीत आणायच्या, असे तिने ठरवले होते.

वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञांची आणि दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापणांची ती लांबलचक जंत्री. त्याच घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातल्या या सातशे गाथा आहेत. त्यांत मात्र शेत आहे, सासू-सुना आहेत आणि वाटेकडे लागलेले डोळे आहेत. सोपारा-कल्याणचा माल याच घाटाने जुन्नर-पैठणला जाई. मालाबरोबर माणसेही महिनोन्‌महिने घराबाहेर राहत असणारच.

स. आ. जोगळेकरांनी १९५६ साली या गाथा मराठीत आणल्या. अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी १९९१ मध्ये २०७ गाथा निवडून त्यांचे नेटके इंग्रजी केले. एवढे मोठे काम समोर असताना आम्ही आजोबा-नात कशाला धडपडतो आहोत, असे मला वाटलेच. पण हौसेला मोल नसते.

पहिली ठेच ‘अत्ता’ या शब्दाशी लागली. सून सासूला अशी हाक मारते. ‘मदर-इन-लॉ’ लिहिले की कोर्टाचा कागद वाचल्यासारखे वाटते, ‘आंट’ लिहिले तर नातेच बदलते. माझी आई माझ्या आजीला ‘आत्याबाई’ म्हणायची. आत्याच्या घरी सून म्हणून जाण्याची चाल ज्या मुलखात आहे, तिथे या शब्दाला टीप लागत नाही.

दुसरी गाथा पाणपोईची. वाटसरू वर पाहत पितो आहे, ओंजळीची बोटे त्याने सैल सोडली आहेत. आणि पाणी घालणारी धार बारीक बारीक करत नेते आहे. बस्स. प्रेम हा शब्दही नाही. (आईचे माहेर शहापूर तालुक्यातले. तिथल्या तानसा-भातसाचे पाणी मुंबई पिते आणि उन्हाळ्यात तिथल्याच बायका डोक्यावर हंडे घेऊन वणवणतात. पाण्याची धार लांबवणे म्हणजे काय, ते त्यांना विचारावे.) नातीने शेवटी एक ओळ जोडली होती: भेट संपू नये म्हणून. इंग्रजी वाचकाला कळायला नको का, हा तिचा सवाल. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त सूचित अर्थासाठी अशाच प्राकृत गाथा उदाहरणाला घेतल्या, हे मी सांगून पाहिले. तिला पटले नाही.

मग मी तिला पत्राची गोष्ट सांगितली. माझे वडील गिरणगावात कामाला होते. आईला लिहिता येत नसे, तिची पत्रे मी लिहायचो. एका आषाढात तिने सांगितले, “लिही, वाटेला चिखल फार झाला आहे. जपून यावे.” वडिलांनी येणार म्हणून कळवलेलेच नव्हते. मी आपल्या मनाने खाली लिहिले, तुमची फार आठवण येते. वाचून दाखवले तसा आईचा चेहरा लाल झाला. “मी असं बोलले का?” म्हणाली, आणि ती ओळ माझ्याकडून इतकी खोडून घेतली की कार्ड फाटायला आले.

नातीने पेन्सिल काढली, आपली शेवटची ओळ खोडली. खाली उतरताना तिने विचारले, “मग पणजोबा आले?”

त्या शनिवारीच आले. गुडघ्यापर्यंत चिखल. आत्याबाईंनी पाय धुवायला पाणी दिले; आई चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.