‘एखादा प्रसंग सांगा’
‘अडचणीतून मार्ग काढल्याचा एखादा प्रसंग सांगा.’ कौशल्याधारित मुलाखतीतला हा प्रश्न स्वमग्न उमेदवाराला अनेकदा अडवतो. कुठला प्रसंग, किती सविस्तर, याचा अंदाज येत नाही. म्हणून चार-पाच प्रसंग आधीच लिहून काढावेत. समजा, भूम तालुक्यातल्या ईटचा मुलगा दूध संकलन केंद्रावर नोंदी ठेवतो. त्याने असं लिहावं: फॅटचा आकडा पावतीशी जुळेना, मी वही ताडून पाहिली, चूक सापडली, हिशेब दुरुस्त झाला. एवढं पुरे. ‘आम्ही’ नको, ‘मी’ म्हणावं. डोळ्यांत डोळे घालून बोलण्याची घोकंपट्टी मात्र मला निरर्थक वाटते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे प्रश्न लेखी मिळावेत, अशी विनंती मुलाखतीआधीच करा.