खुब्यातला सांधाच दगा देतो तेव्हा...

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, टाके निघाले, हातातली काठीही सुटली. पण दोन-तीन वर्षांनी जांघेत पुन्हा ठणका सुरू होतो, जिना चढताना कळ येते, पाय किंचित लंगडतो. 'आता वयच झालं' म्हणून आजी-आजोबा गप्प बसतात आणि घरचेही मान डोलावतात. पण हे दुखणे दर वेळी वयाचे नसते. दोष कधी कधी बसवलेल्या सांध्यातच असतो.

'ए.एस.आर.' या कृत्रिम सांध्याचे उदाहरण घ्या. जॉन्सन अँड जॉन्सनची उपकंपनी डीप्यू तो बनवीत असे. त्याची वाटी धातूची आणि तीत फिरणारा गोळाही धातूचाच. दोन्ही एकमेकांवर घासले, की कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटतात, भोवतालचे मांस खराब होते, हाड झिजते. काही कण रक्तातही उतरतात. ब्रिटनमधील नोंदींनुसार पाच वर्षांतच सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रियेची पाळी आली. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने हा सांधा जगभरातून परत मागवला. तोवर तो सुमारे ९३ हजार लोकांच्या शरीरात बसला होता! भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

तपासणी कोणती?

सर्वांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. बहुतेक कृत्रिम खुब्यांत प्लॅस्टिक किंवा सिरॅमिकचा भाग असतो. धोका प्रामुख्याने धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांत आहे. तुमचा सांधा त्या प्रकारचा असेल, तर दुखत नसले तरी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. एक्स-रे निर्दोष दिसला म्हणजे सारे ठीक, असे समजू नका. रक्तातील कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी करून घ्या. लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त प्रमाण आढळले, तर अधिक तपास हवा. सोनोग्राफी किंवा खास पद्धतीच्या एम.आर.आय.ने सांध्याभोवतीची सूज, गाठ दिसते. सांधा बदलायचा की नाही, हे हे सारे पाहूनच ठरते.

कागद जपा

आपल्याकडे लग्नपत्रिका वर्षानुवर्षे जपल्या जातात, पण रुग्णालयाचे कागद पहिल्याच साफसफाईत रद्दीत जातात! सांध्याच्या पाकिटावरचे कंपनीचे नाव व लॉट क्रमांक असलेले लेबल शस्त्रक्रियेच्या नोंदींत चिकटवतात. त्याची प्रत मागा. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठीचा नियम आहे; मात्र त्या जपण्याचे बंधन केवळ तीन वर्षांचे आहे. पुन्हा शस्त्रक्रिया होणार असेल, तर काढलेला सांधा फेकू नये, असे आधीच लेखी कळवा. तोच तुमचा पुरावा.

भरपाईचा लढा

अमेरिकेत कंपनीने २०१३ मध्ये सुमारे आठ हजार रुग्णांसाठी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे केंद्र सरकारची तज्ज्ञ समितीच नेमली गेली २०१७ मध्ये! तिने किमान २० लाख रुपयांची शिफारस केली. नंतर वय आणि अपंगत्व पाहून साधारण ३० लाख ते १ कोटी २३ लाखांपर्यंतचे सूत्र ठरले. कंपनीने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि मे २०१९ मध्ये सांधा बदलावा लागलेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख देण्याची तयारी दाखवली. हजारो रुग्णांचा ठावठिकाणा मात्र लागलाच नव्हता.

इतर सदोष सांध्यांसाठी ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तूच्या उत्पादकाकडून थेट भरपाई मागता येते. त्यात डॉक्टरांचा दोष असेलच असे नाही. त्यांना उगाच प्रतिवादी करू नका, उलट त्यांचा अहवालच उपयोगी पडतो. मुदत दोन वर्षांची. उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो, पण त्यावर विसंबणे धोक्याचे. दोष कळताच वकिलांना भेटा. शिवाय वैद्यकीय उपकरणाची तक्रार गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे रुग्ण स्वतःही करू शकतो. त्यासाठी वकील लागत नाही.