फौजदारी खटल्याची वाट (भाग सातवा) : उलटतपासाची हद्द

गेल्या आठवड्यात आपण दोषारोपपत्रापर्यंत आलो. खटला सत्र न्यायालयाकडे गेला, आरोपीच्या हाती कागदांच्या प्रती आल्या. इथून आरोपीच्या वकिलाचं काम सुरू होतं, आणि बलात्काराच्या खटल्यात लोकांच्या डोळ्यांत सलतं ते हेच काम. ‘असल्या माणसाचं वकीलपत्र घेतलंच कसं?’ असं वकिलाच्या घरचेही विचारतात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने अटकेतल्या माणसाला वकिलाचा हक्क दिला आहे, एवढ्या उत्तराने त्यांचं समाधान होत नाही. म्हणून आज एक खटला नीट पाहू.

५ जून २००३ ची रात्र. महाराष्ट्रात पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, मायलेकींवर बलात्कार झाला. आई जबर जखमी होऊनही वाचली. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांवर खटला चालला. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. पुढे फेरविचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं.

त्यांना सोडवलं कशाने? वाचलेल्या त्या आईच्याच जबाबाने. घटनेनंतर लगेच पोलिसांनी तिला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने चौघांवर बोट ठेवलं होतं. या सहांपैकी त्यात एकही नव्हता. सरकार पक्षाने ती गोष्ट दडपली. त्या चौघांवर खटला झाला नाही. सहा माणसांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली, आणि जिच्यावर अत्याचार झाला तिलाही न्याय मिळाला नाही. तिचं पहिलं म्हणणं कुणीतरी वेळेवर कोर्टापुढे रेटायला हवं होतं. ते काम बचावाच्या वकिलाचं असतं. चांगला बचाव खऱ्या फिर्यादीच्या मुळावर येत नाही, तो चुकीच्या तपासाच्या मुळावर येतो.

हा बचाव उभा कसा राहतो? वकील आधी ठरवतो, वाद नेमका कशाचा आहे. ‘तो मी नव्हेच’ हा ओळखीचा वाद. तिथे ओळख परेड, मोबाइलचं लोकेशन, डीएनए अहवाल यांना महत्त्व. ‘संबंध होते, पण संमतीने’ हा संमतीचा वाद. तिथे दोघांमधले संदेश आणि घटनेनंतरचं वागणं पाहिलं जातं. मुलगी १८ वर्षांखालची असेल तर संमतीचा मुद्दाच उरत नाही. ‘असं काही घडलंच नाही’ हा तिसरा वाद. तिन्ही एकदम लढणारा वकील आरोपीला बुडवतो, कारण एक बचाव दुसऱ्याला खोटं पाडतो.

मग येतो उलटतपास. सिनेमात तो आरडाओरड्याचा असतो, प्रत्यक्षात त्याची रीत फार शिस्तीची आहे. समजा, साक्षीदाराने कोर्टात सांगितलं की आरोपीच्या हातात चाकू होता, पण पोलिसांपुढच्या जबाबात चाकूचा उल्लेख नाही. वकील विचारतो, ‘चाकूची गोष्ट पोलिसांना सांगितली होती?’ उत्तर येतं, ‘हो.’ ‘मग जबाबात ती का नाही?’ ‘कारण सांगता येणार नाही.’ काम इथे संपत नाही. पुढे तपासी अंमलदार साक्षीला उभा राहिला की त्यालाही विचारावं लागतं, ‘या साक्षीदाराने चाकूबद्दल तुम्हाला सांगितलं होतं का?’ तो ‘नाही’ म्हणाला, तरच ती विसंगती सिद्ध होते. हा दुसरा प्रश्न राहून गेला, तर पहिल्याचा उपयोग होत नाही. अशी चूक रोजच्या कामात सहज होते आणि माणसाचं आयुष्य पणाला लावते.

कायद्याने या उलटतपासाला हद्द घातली आहे. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याच्या प्रकरणात तिचं आधीचं आयुष्य कोर्टात चघळलं गेलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं, तेव्हा देशभर संतापाची लाट उठली. त्यातून १९८३ चे बदल आले. पोलीस कोठडीतल्या बलात्कारासारख्या प्रकरणांत संबंध सिद्ध झाला आणि बाईने ‘संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्टाने तसंच धरून चालावं, असं ठरलं. पुढे २००२ च्या दुरुस्तीने ‘बाई चारित्र्यहीन आहे’ असं दाखवून तिची साक्ष पाडण्याची मुभा गेली. आजच्या भारतीय साक्ष अधिनियमातही संमतीचा मुद्दा असेल तिथे तिचं चारित्र्य किंवा आधीचे संबंध काढता येत नाहीत. हद्द ओलांडणाऱ्या वकिलाला रोखणं न्यायाधीशाचं कर्तव्य आहे. आणि माझं स्पष्ट मत आहे : ज्या वकिलाला बाईच्या अब्रूवर हात टाकावा लागतो, त्याने कागद वाचलेले नसतात.

कागद वाचायला वेळ लागतो, आणि गरीब आरोपीला नेमका तोच मिळत नाही. मध्य प्रदेशातल्या खांडव्यात एका बालिकेवरच्या बलात्कार व खुनाच्या खटल्यात आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला आणि त्याच दिवशी आरोप निश्चित झाले. काही दिवसांत खटला संपून फाशीची शिक्षाही झाली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितला. फाशी किंवा जन्मठेपेच्या खटल्यात असा वकील किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीसाठी निदान सात दिवस मिळावेत, असंही बजावलं. एका तरुणीवरच्या बलात्कार व खुनाच्या, दिल्लीच्या छावला प्रकरणात ४९ साक्षीदारांपैकी दहा महत्त्वाच्या साक्षीदारांचा उलटतपासच झाला नव्हता. २०२२ मध्ये आरोपी सुटले, त्यामागच्या कारणांत हेही एक होतं. दहा वर्षं वाट पाहिलेल्या आईबापांच्या पदरी काही पडलं नाही. बचाव कच्चा राहिला की त्याची झळ दोन्ही घरांना लागते.

एक सुधारणा मात्र आवर्जून सांगण्यासारखी आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकार पक्ष ज्या जबाबांवर आणि कागदांवर विसंबणार नाही, त्यांचीही यादी आरोपीला द्यावी. पेरूच्या बागेतल्या त्या आईचा जबाब अशाच यादीतून वर आला असता. वकिलांनी ही यादी लेखी अर्ज करून मागावी. न मागता ती मिळेल, या भरवशावर राहू नये.

आता वाचकांसाठी. बलात्काराचा गुन्हा तुमच्या घरातल्या कुणावर दाखल झाला, तर फिर्यादीकडे जाऊ नका, मध्यस्थ धाडू नका. त्याने जामीन धोक्यात येतो. हजेरीपट, तिकिटं, संदेश जपा. फोनमधलं काही पुसू नका, मूळ फोन सांभाळा. फिर्यादीचं नाव समाजमाध्यमांवर टाकणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. मदतीसाठी १५१०० हा क्रमांक आहे. आणि गुन्हा शेजारच्या घरी घडला असेल, तर निकालाआधी फाशी मागण्यापेक्षा तपास नीट होतोय का, हे विचारा. त्या आईला त्याचीच गरज होती.

(पुढच्या आठवड्यात : फिर्यादी स्त्रीचे कोर्टातले हक्क)