सहा इंचांचा बांध

२०२३ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात एकामागून एक वादळं आली, त्यात सांता क्लारातल्या आमच्या घराची मागची फेन्स आडवी झाली. सकाळी पाहतो तो पलीकडच्या आजी गाऊनमध्ये आणि मी लुंगीत, समोरासमोर! अकरा वर्षांचा शेजार, पण 'हाय'च्या पुढे गाडी कधी गेली नव्हती.

कॉन्ट्रॅक्टरचा आकडा ऐकून सौ. म्हणाली, "एवढ्यात सगळ्यांची भारतवारी होईल." तेव्हा ठरवलं, आपणच बांधू. मदतीला वाईजवळच्या गावाहून आलेले बाबा होतेच.

पहिलं काम कागदाचं. इथला 'गुड नेबर फेन्स अ‍ॅक्ट' १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. सामाईक फेन्सचा वाजवी खर्च निम्मा-निम्मा, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. मात्र शेजाऱ्याला ३० दिवस आधी लेखी कळवावं लागतं. दुसरं काम ८११ ला फोन. खणण्याआधी निदान दोन कामाचे दिवस कळवलं, की गॅस-विजेच्या कंपन्या जमिनीखालच्या आपापल्या लाइनींच्या खुणा फुकट करून जातात.

मग नकाशा घेऊन टेप लावला, तर जुनी फेन्स आमच्या बाजूला सहा इंच सरकलेली वाटली. मी लगेच हिशेब मांडला: सर्व्हेअर आणायचा, फेन्स पुढे न्यायची. पण त्या रेषेवरच आजींचं जर्दाळूचं झाड!

बाबा म्हणाले, "अरे, तुझ्या आजोबांनी हातभर बांधासाठी कोर्टात बारा वर्षं खेटे घातले. बांध मिळाला, सख्खा भाऊ गेला. तुला सहा इंचांत काय पेरायचंय?"

मी गप्प बसलो. आजींना नकाशा दाखवला, जुनी ओळच ठेवू म्हणालो. झाडाकडे पाहत त्या एवढंच म्हणाल्या, "हे आमच्या ह्यांनी लावलेलं."

आता प्रत्यक्ष काम. आमची माती चिकण; पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ४८ फुटांना आठ-आठ फुटांवर सात खांब, प्रत्येक निदान दोन फूट खोल. टोकाचे दोन आधी उभे करून दोरी ताणायची, मग मधले. खांब प्रेशर-ट्रीटेड घ्यावेत. खड्ड्याच्या तळाशी खडी, वर काँक्रीट. त्याचा माथा जमिनीच्या किंचित वर आणि बाहेर उतरता हवा, नाहीतर पाणी साचून खांब कुजतो. आमचे जुने खांब तसेच गेले होते. फळ्या रेडवुडच्या: गाभ्याचं तांबूस लाकूड टिकतं, कडेचं पांढुरकं लवकर कुजतं. खिळे गॅल्व्हनाइज्ड, नाहीतर फळ्यांवर काळे ओघळ येतात. ओल्या फळ्या अगदी चिकटवून ठोका. वाळल्यावर आपोआप फट पडते.

माझ्या हातात पाणसळ, तर बाबांनी दोरीला नट बांधून ओळंबा केला. दोघांचं एकमत व्हायला प्रत्येक खांबाला अर्धा तास! दुपारी आजी लेमनेड आणायच्या, सौ. पोहे द्यायची. चार वीकएंड लागले.

त्या जूनमध्ये फेन्सवरून जर्दाळूची पिशवी आली. तिकडून मुरांबा गेला.

तिसरा खांब मात्र थोडा तिरकाच राहिला. बाबा फोनवर आधी त्याची चौकशी करतात, मग आमची.